लोंढा जंक्शनचा युद्धकाळ कसा शोधावा

लोंढ्यात लढाई झाली होती का, असं कुणाला विचारू नका. मी पहिली काही वर्षं हाच प्रश्न घेऊन फिरले आणि प्रत्येकाने मान हलवून मला परत पाठवलं. ‘हितं कुठली लढाई बाई, एक गोळीसुद्धा उडाली नाही की.’ मग एकदा रेल्वे कॉलनीतल्या एका मावशींना सहज विचारलं, गोवामुक्तीच्या त्या डिसेंबरात काका घरी जेवायला कधी यायचे? त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि दीड तास बोलत राहिल्या.

माझे वडील लोंढ्याला पॉइंट्समन, म्हणजे गाडीला रूळ बदलून वाट देणारे, होते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या याच खानापूर तालुक्यात शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून या जंक्शनच्या आठवणी गोळा करते आहे. आपल्या गावच्या स्टेशनासाठी हेच काम करावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी लिहिते. उदाहरण लोंढ्याचं देते, कारण मला तेच ठाऊक आहे.

सुरुवात फाट्यांपासून करा. प्लॅटफॉर्मवर उभं राहून कुठला रूळ कुठे जातो ते आधी वहीत काढा. लोंढ्याहून तीन वाटा निघतात. एक उत्तरेला गुंजी, खानापूर करत बेळगावला आणि पुढे मिरजेला. दुसरी अळणावर, धारवाडवरून हुबळीला. तिसरी तिनईघाट, कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात, थेट मुरगाव बंदरापर्यंत. आता प्रत्येक वाटेच्या टोकाला युद्धाच्या दृष्टीने काय होतं ते लिहा. बेळगावला १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, शिवाय सांबऱ्याचा विमानतळ. हुबळीला रेल्वेचा मोठा कारखाना, आणि त्या वाटेवर अळणावरहून दांडेलीच्या जंगलाकडे जाणारा लाकडाचा फाटा. मुरगावला समुद्र, आणि त्या समुद्रावर दुसऱ्याच देशाचा झेंडा. एवढं एका पानावर आलं की लोंढ्याचा युद्धकाळ कुठे शोधायचा ते दिसायला लागतं. तो तिसऱ्या वाटेवर आहे.

ही तिसरी वाट इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या १८७८ च्या तहातून आली. पैसा आणि कंपनी लंडनची, जमीन पोर्तुगीजांची, रूळ मीटर गेजचे. गोव्याच्या हद्दीतला तुकडा जेमतेम ८२ किलोमीटरचा, पण त्यातच घाट. कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंतची उतरण ३७ फुटांना एक फूट अशी आहे. वर चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावून ढकलावं लागतं, त्याला आमच्याकडे बँकर म्हणतात. कोकण रेल्वे १९९८ ची. त्याआधी रुळाने गोव्यात जायचं तर लोंढ्यावरूनच जावं लागे. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याला धरून आहे.

इथली म्हातारी माणसं ज्याला युद्धकाळ म्हणतात ते एक युद्ध नाही, तीन काळ आहेत. पहिला ‘जर्मनच्या लढाईचा’. पोर्तुगाल त्या महायुद्धात तटस्थ होता. म्हणून युद्ध सुरू झालं तेव्हा तीन जर्मन आणि एक इटालियन मालवाहू जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन थांबली ती तिथेच राहिली. त्यांतल्या एरेनफेल्स जहाजावरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबर जाते असा इंग्रजांना संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पलटणीच्या स्वयंसेवकांनी समुद्राकडून येऊन त्या जहाजावर हल्ला केला, आणि चारही जहाजं त्यांच्याच खलाशांनी पेटवून, बुडवून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली तीही मुरगावलाच, ग्रिप्सहोम आणि तेया मारू या दोन जहाजांवरून. आपण ज्या लाइनला घाटातली आडवाटेची लाइन म्हणतो, तिच्या टोकाला त्या काळात एवढं चाललं होतं.

दुसरा काळ १९५५ चा, भारताने गोव्याची हद्द बंद केली त्या नाकेबंदीचा. तिसरा डिसेंबर १९६१ चा, गोवामुक्तीच्या कारवाईचा. या तिन्हींची सरमिसळ होते, आणि ती सोडवणं हाच या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, आधी वस्तूंचं बघू. वस्तू हाताशी असल्या की माणसं लवकर बोलती होतात.

जाताना एक मोजपट्टी, शिसपेन्सिल, पातळ पांढरा कागद, मेणाचा काळा खडू आणि पाण्यात भिजवलेलं फडकं घ्या. जुने रूळ स्टेशनाच्या आसपास अजून उभे असतात, कुंपणाचे खांब म्हणून किंवा शेडचे टेकू म्हणून. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर, जिला रेल्वेवाले वेब म्हणतात, उठावाची अक्षरं असतात. कारखान्याचं नाव, वर्ष, वजन. गंजामुळे ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. फडक्याने पुसा, वाळू द्या, कागद घट्ट धरा आणि खडू आडवा धरून हलक्या हाताने घासा. मी एका खांबावर असं घासत होते तेव्हा आधी नुसतेच डाग उमटले. मग एक उभी रेघ, तिला लागून एक गोलाई, आणि हळूहळू शेफील्ड हे गावाचं नाव कागदावर आलं. वर्षाचे पहिले तीन आकडे लागले, १, ८, ८. चौथा गंजाने खाल्ला होता. लहानपणी आम्ही त्याच खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घालत होतो. असा कागद घेऊन कुणाच्या ओसरीवर बसलात की तुम्हाला प्रश्न विचारावा लागत नाही, समोरचाच विचारतो, हे कुठं मिळालं?

लोखंडी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकलेल्या पट्ट्याही बघा. इथले रूळ १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाले आणि मीटर गेजचे काढलेले स्लीपर कुठे गटारावर फळी म्हणून, कुठे गोठ्याच्या उंबऱ्याला गेले. स्लीपरवर रूळ धरायला वर आलेल्या जिभा असतात. दोन्हीकडच्या जिभांमधलं अंतर मोजा. ते बरोबर मीटर येणार नाही, कारण मीटर हे रुळांच्या माथ्यांमधलं अंतर आहे आणि रुळाचं बूड त्याहून रुंद असतं. थोडा फरक धरून चाला. पण ब्रॉडगेजचं अंतर १.६७६ मीटर, तेव्हा गोंधळ होण्याचं कारण नाही.

आणि सगळ्यात उपयोगाचं, शिक्के. दिवे, बादल्या, घंटा, बाकं, कुलपं यांवर रेल्वेची आद्याक्षरं ठोकलेली असत. ती माहीत असली की वस्तूचा काळ ठरतो. एम. अँड एस. एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १९५१ च्या आधीची. नुसतं एस. आर. असेल तर सदर्न रेल्वे, १९५१ ते १९६६. एस. सी. आर. म्हणजे साउथ सेंट्रल, तिथून २००३ पर्यंत. एस. डब्ल्यू. आर. त्यानंतरचं. वडिलांची हातबत्ती माझ्याकडे आहे. बुडाला एस. आर. आहे, म्हणजे नाकेबंदी आणि मुक्ती या दोन्ही काळांत हीच बत्ती हातात असू शकते. आतली लाल आणि हिरवी काच फिरवायची पितळी मूठ एका बाजूने झिजून सपाट झाली आहे. अंगठा ठेवला की बरोबर त्या जागी बसतो.

आता माणसं. आधी बायकांकडे जा. हे मी अनुभवाने सांगते. पुरुष स्टेशनाबद्दल सांगतात, गाड्यांचे नंबर, साहेबांची नावं. बायका दिवस सांगतात. कोण रात्री घरी आलं नाही, कुठल्या दिवशी चुलीवर दोनदा भाकरी झाल्या, मुलांना कॉलनीबाहेर का जाऊ दिलं नाही. माझी आई म्हणायची, त्या डिसेंबरात तुझे बाबा कधी येतील त्याचा नेम नव्हता, म्हणून भाकऱ्या थापून फडक्यात बांधून ठेवायची, आणि केबिनकडे जाणारा जो दिसेल त्याच्या हाती द्यायची. सरकारी कागदात ‘लष्करी वाहतुकीचा ताण’ असं जे लिहिलं जातं, ते आमच्या घरात या फडक्यातल्या भाकऱ्या होते.

पहिल्या भेटीत वही काढू नका, मोबाइल तर मुळीच नको. चहा घ्या, घरच्यांची चौकशी करा, आपण कुणाच्या कोण ते सांगा. दुपारी जेवणं झाल्यावर जा, सकाळी नको. दुसऱ्या भेटीला वही न्या आणि विचारून लिहा. प्रश्न कामाचे विचारा. ड्युटी किती तासांची? गोळा कोण आणायचं? (एकेरी मार्गावर गाडी सोडायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला जो टोकनचा लोखंडी गोळा देत, त्याला सगळे गोळाच म्हणतात. हा शब्द तुमच्या तोंडी आला की समोरचा सैल होतो.) कंदिलाला रॉकेल पुरायचं का? गोव्याच्या गाडीतल्या लोकांचं सामान कुठे उघडायचे? या शेवटच्या प्रश्नाला तर हमखास उत्तर येतं. कॅसलरॉकला आपल्या बाजूची जकात तपासणी आणि कुळ्याला पोर्तुगीजांची. एका घाटात दोनदा पेट्या उघडायच्या. माहेरी गोव्याला जाणाऱ्या लेकीबाळींच्या आठवणीत हे पक्कं बसलेलं असतं.

आता ती सरमिसळ. मी एकदा फार मोठी चूक केली. एका काकांनी सांगितलं, ‘गाड्या बंद झाल्या, मग मिलिटरी आली, पाऊस तर असा की विचारू नका.’ मी ते तसंच एका स्मरणिकेत छापायला दिलं, १९६१ म्हणून. छापून आल्यावर एक निवृत्त गार्ड घरी आले आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, डिसेंबरात कसला पाऊस?’ काकांनी सहा वर्षांचं अंतर एका वाक्यात मिटवलं होतं आणि मी ते ओळखलं नव्हतं. छापलेलं परत घेता येत नाही, त्याची टोचणी मला अजून आहे. तेव्हापासून मी साल विचारतच नाही. रान कसं होतं ते विचारते.

आमच्या भागात भाताची शेती. अंगावर इरलं होतं, ओढे भरले होते, रोपलावण उरकली होती असं कुणी म्हणालं तर तो ऑगस्ट आहे, म्हणजे १९५५. त्या वर्षी मे महिन्यात सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रहींना घेऊन गोव्यात प्रवेश केला होता. पुण्यातली गोवा विमोचन सहायक समिती गावोगावच्या तुकड्या पाठवत होती. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. त्यानंतर भारताने हद्द बंद केली, रेल्वे तुटली, गाड्या कॅसलरॉकच्या पुढे जाईनात. उलट खळं, मळणी, गवताच्या गंज्या, पहाटेची शेकोटी असं आलं तर तो डिसेंबर, १९६१. त्या महिन्यात बेळगावभोवती फौज जमली. मेजर जनरल कँडेथ यांची १७ इन्फंट्री डिव्हिजन आणि ५० पॅरा ब्रिगेड. १८ डिसेंबरला पॅरा ब्रिगेड दोडामार्गाकडून, ६३ ब्रिगेड अनमोडकडून गोव्यात घुसली. अनमोडहून निघालेल्या तुकड्या मोल्याला एकत्र आल्या आणि फोंड्याकडे गेल्या. सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र फोडलं, पुण्याहून गेलेल्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीची धावपट्टी. १९ डिसेंबरला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती दिली. अनमोड आमच्या शेजारचं. तेव्हा मळणीच्या दिवसांत कुणी आकाशातल्या आवाजाबद्दल बोललं तर लक्ष देऊन ऐका.

ऋतू आठवत नसेल तर पैसे विचारा. तिकिटाला किती आणे पडायचे असं उत्तर आलं तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘नवे पैसे’ म्हणाले तर नंतरचं. या एका प्रश्नाने नाकेबंदी आणि मुक्ती वेगळी करता येते. कंट्रोलचं धान्य आणि रेशनचं कापड आलं तर बहुतेक जर्मनच्या लढाईत जाऊन पोचलात. तिथे आणखी एक विचारा, घरातलं कोण पलटणीत होतं? खानापूरच्या खेड्यांतून मराठा पलटणीत गेलेली माणसं आफ्रिकेत, इटलीत लढली. काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी अजून आहे, या गावातून इतकी माणसं गेली, इतकी परत आली नाहीत एवढंच लिहिलेलं. चुना मारताना ती झाकली जाते. नखाने खरवडू नका, ओल्या कापडाने पुसा.

त्या लढाईच्या काळाबद्दल रेल्वेपुरतं एक लक्षात ठेवा. काय आलं यापेक्षा काय गेलं ते विचारा. देशभरातली मीटर गेजची इंजिनं आणि डबे तेव्हा परदेशातल्या आघाड्यांसाठी उचलले गेले, काही शाखांचे तर रूळच उखडले. केरळातला शोरनूर-नीलांबूर मार्ग असाच काढला आणि लढाई संपल्यावर पुन्हा टाकला. तुमच्या गावाजवळ रूळ नसलेला भराव किंवा पूल असेल तर त्याचीही चौकशी करा.

कागदांसाठी स्टेशन मास्तरांच्या मागे लागू नका. जुनी रजिस्टरं ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, तो त्यांचा दोष नाही. त्याऐवजी घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडायला सांगा. पास, सर्व्हिसचे उतारे, बदलीचे हुकूम, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या. बदलीच्या एका हुकमावरून माणूस त्या महिन्यात कुठल्या स्टेशनात होता ते पक्कं होतं, आणि मग त्याची आठवण किती जवळून आहे ते कळतं. वर्तमानपत्रांत बेळगावचा तरुण भारत १९१९ पासूनचा आहे, पुण्याचा केसरी त्याहून जुना. ऑगस्ट १९५५ आणि डिसेंबर १९६१ हे दोन महिने पान न् पान बघा. बातमीइतक्याच जाहिराती आणि रेल्वेच्या सूचना वाचा, गाडी रद्द, गाडी उशिरा. पोर्तुगीज बाजूसाठी पणजीचं पुराभिलेखागार आहे. टोकनची यंत्रं वगैरे शब्द नुसते ऐकून कळत नसतील तर हुबळीच्या रेल्वे संग्रहालयात एक दिवस घालवा.

मग एकदा कॅसलरॉकला आणि पुढे कुळ्याला जाऊन या. हिवाळ्यात, दिवसाच्या गाडीने, खिडकीशी बसून. रुळावरून चालत जाऊ नका. दूधसागर बघायला म्हणून लोक बोगद्यांतून चालतात, गुन्हा तर तो आहेच, पण वळणावर मागून येणारी गाडी कळत नाही. माझे वडील गँगमनांच्या ज्या गोष्टी सांगत त्या मी इथे लिहिणार नाही. दोन्हीकडे अभयारण्य आहे, तेव्हा स्टेशन सोडून रानातही शिरू नका. स्टेशनात फोटो काढायचे तर आधी विचारा. कॅसलरॉकला उतरलात तर गोव्याच्या बाजूच्या टोकाला तोंड करून जरा वेळ उभं राहा. सहा वर्षं गाडी इथपर्यंत यायची आणि वळायची. कुळ्याला डॉ. राममनोहर लोहियांची आठवण ठेवा. जून १९४६ मध्ये मडगावला सभा घेऊन त्यांनी ठिणगी टाकली होती, सप्टेंबरात ते पुन्हा गोव्यात शिरले तेव्हा याच स्टेशनात पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं. शहरातल्या चौकाला नाव मिळतं, स्टेशनाच्या बाकाला मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

लिहून काढताना सांगणाऱ्याचे शब्द बदलू नका. ‘मिलिटरीच्या गाड्या’ म्हणाले असतील तर ‘सैन्याच्या विशेष रेल्वेगाड्या’ करू नका. प्रत्येक आठवणीखाली कधी ऐकली, कुठे बसून ऐकली, स्वतः पाहिलेलं की ऐकीव, हे लिहा. ऐकीव असलं म्हणून टाकून देऊ नका, फक्त तसं नोंदवा. आणि लिहून झालं की ते घेऊन त्यांच्याकडे परत जा, मोठ्याने वाचून दाखवा. हे कधीही चुकवू नका.

कॅसलरॉकला नाकेबंदीच्या काळात पॉइंट्समन असलेले एक काका होते. त्यांनी मला सांगितलं होतं, पुढचे रूळ गंजले, गवत गुडघ्याएवढं झालं, तरी गोव्याच्या बाजूचा पॉइंट त्यांनी गंजू दिला नाही, गाडी कधी सुरू होईल सांगता येत नाही म्हणून तेल घालून हलवून ठेवायचे. मी ते लिहिलं आणि वाचून दाखवायला गेले. डोळे मिटून ऐकत होते. ‘दर आठवड्याला तेल घालत’ या वाक्याशी त्यांनी हात वर केला. ‘आठवड्याला नव्हं बाई. पंधरवड्याला. तेल कुठं मिळत होतं एवढं?’ मी पेन्सिलीने ‘आठवड्याला’ खोडून वर ‘पंधरवड्याला’ लिहिलं, आणि कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो शब्द वाचला, मग त्याच्या शेजारी समासात आपली सही केली, ड्युटीच्या वहीत करत असतील तशी, तारखेसकट.